इंडक्शनसाठी भांडी घेताय? आधी भांडं उलटं करून बघा

इंडक्शन घेणं सोपं असतं, दोन-तीन ऑफर बघायच्या आणि घेऊन टाकायचं. खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. चहाचं रोजचं भांडं वर ठेवलं की मशीन नुसतं टीं टीं करत बसतं, स्क्रीनवर एरर येतो आणि पाणी थंडच्या थंड. मग कोणीतरी सांगतं की मशीन ठीक आहे हो, भांडी बदला, आणि माणूस घाईघाईत जाऊन सात-आठ नगांचा सेट उचलून आणतो, त्यातली दोनच भांडी रोज वापरात येतात आणि बाकीची माळ्यावर जातात. एवढे पैसे घालवायची अजिबात गरज नाही.

आपल्याकडे हल्ली हा प्रश्न फार जणांना पडतोय. ठाण्यात घोडबंदर रोडला नवीन टॉवरमध्ये रहायला गेलेल्यांना पाइपचा गॅस चालू होईपर्यंत काहीतरी सोय लागते, नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याला रूम घेऊन राहणाऱ्या नोकरीवाल्या मुलामुलींना सिलेंडरची भानगड नको असते, आणि आमच्यासारख्या जुन्या ठाणेकरांच्या घरात गॅसच्या बाजूला एक जास्तीची शेगडी म्हणून इंडक्शन येतं. तिघांच्या गरजा वेगळ्या पण भांडं निवडायची पद्धत एकच.

आधी थोडक्यात समजून घ्या हे तापतं कसं, कारण एकदा ते कळलं की दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. गॅस आधी ज्वाला देतो आणि ज्वाला भांड्याला तापवते. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्यातून सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त वेळा दिशा बदलणारा करंट जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते क्षेत्र भांड्याच्या तळात करंट निर्माण करतं. म्हणजे उष्णता काचेत नाही, थेट भांड्याच्या बुडातच तयार होते. काच गरम लागते ती वरच्या भांड्यामुळे. म्हणून इंडक्शनवर भांडं हाच अर्धा चुल्हा आहे, आणि भांडं चुकलं तर कितीही महागाचं मशीन घ्या, उपयोग नाही.

आता हे काम नीट होण्यासाठी तळ अशा धातूचा लागतो ज्याला लोहचुंबक चिकटतो. लोखंड चालतं, बीड म्हणजे कास्ट आयर्न चालतं, चुंबक धरणारं स्टील चालतं, लोखंडावर इनॅमल चढवलेली भांडी चालतात. ॲल्युमिनियम, हिंडालियम, तांबं, पितळ, काच, माती, चिनी माती हे नेहमीच्या घरगुती इंडक्शनवर चालत नाही, म्हणजे आईकडून आलेलं कल्हईचं पितळी पातेलं आणि लग्नात मिळालेला हिंडालियमचा टोप दोन्ही बाद.

आणि स्टील? इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्या आया-आज्या भांड्याच्या दुकानात पर्समध्ये मॅग्नेट घेऊन जायच्या आणि चिकटला की म्हणायच्या हे स्टील हलकं आहे, नको. त्यामागे कारण होतं, चांगल्या प्रतीचं ३०४ ग्रेडचं स्टील, ज्याला १८/८ पण म्हणतात, त्याला चुंबक चिकटत नाही. पण म्हणूनच घरातली जी सगळ्यात चांगली, जाड, वर्षानुवर्षं चमकणारी स्टीलची भांडी आहेत तीच इंडक्शनवर चालत नाहीत. इंडक्शनसाठी तळाला ४३० ग्रेडचं स्टील लागतं, त्याला चुंबक चिकटतो. आणि उलट बाजूने, चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तमच असंही नाही, स्वस्तातल्या २०० सिरीजच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. तर मॅग्नेट हा इंडक्शनवर चालेल की नाही एवढंच सांगतो, क्वालिटी सांगत नाही. या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा.

दुकानात जाताना फ्रिजवरचा एक मॅग्नेट खिशात टाका. भांडं उलटं करा आणि मॅग्नेट तळाच्या मधोमध लावा, मग कडेकडेने दोन-तीन जागी लावा. नुसता लागला एवढ्यावर समाधान मानू नका, ओढून बघा किती जोर लागतो. मध्ये घट्ट आणि कडेला ढिला असेल तर त्या भांड्याचा फक्त मधलाच भाग तापणार. अगदीच हलका, घसरत घसरत चिकटत असेल तर ते भांडं चालेल पण रडतखडत, पाणी उकळायला वेळ घेईल. अजून एक, भांड्याच्या बाजूला मॅग्नेट लावून काही कळत नाही. साध्या ३०४ स्टीलच्या भांड्यालाही जिथे पत्रा दाबून वळवलेला असतो त्या गोलाईवर मॅग्नेट थोडासा चिकटतो, दुकानदार तिथेच लावून दाखवतो आणि म्हणतो बघा ताई, चिकटला ना. तळ बघा, फक्त तळ.

मॅग्नेट झाला की सपाटपणा. भांडं दुकानाच्या काचेच्या काउंटरवर ठेवायचं आणि कडेवर एका बोटाने हलकं दाबायचं. डुगडुगलं किंवा गोल फिरायला लागलं तर परत द्या. मोबाइलची सरळ कड तळावर आडवी धरून खालून उजेड दिसतो का तेही बघा. केसाएवढी फट चालते, कारण धातू तापल्यावर थोडा फुगतो आणि काही कंपन्या मुद्दाम तळ किंचित आत ठेवतात, पण नखाएवढी फट असेल तर नको. काच आणि भांडं यांच्यातलं अंतर वाढलं की तापणं झपाट्याने कमी होतं. गॅसवर वाकडं बूड चालून जातं कारण ज्वाला सगळीकडून लागते, इथे तसं नाही.

मग साइज. लोक भांड्याचा वरचा घेर मोजतात, पण महत्त्वाचा आहे तळाचा सपाट भाग. साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा छोटा तळ असेल तर बऱ्याच मशीनना वर भांडं आहे हेच कळत नाही. म्हणून फोडणीची पळी आणि एका कपाचं दुधाचं भांडं इंडक्शनवर चालवायचा हट्ट सोडा, फोडणी त्याच कढईत आधी करून घ्यायची सवय लावा. रोजच्या भाजी-आमटीला १६ ते २० सेंटीमीटर तळ असलेली भांडी सगळ्यात बरी. त्याहून फार मोठं घेतलंत तर कॉइलच्या वर जेवढं येतं तेवढंच तापतं आणि कडेची भाजी कच्ची राहते, विशेषतः एका शेगडीच्या पोर्टेबल मशीनवर.

जाडीबद्दल मी जरा आग्रहाने सांगेन कारण याच्याकडे कोणी बघत नाही. पातळ एका पत्र्याचं स्टीलचं पातेलं, मॅग्नेट कडक चिकटलेला असला तरी घेऊ नका, निदान दूध, खीर, वरण, रस्सा यासाठी तरी नको. स्टील उष्णता पसरवायला वाईट धातू आहे, कॉइलच्या वरची गोल कडी तेवढी भडकते आणि तिथे दूध लागतं, आणि लागलेल्या दुधाचा वास घरभर. यावर उपाय म्हणजे दोन प्रकारची भांडी. एक सँडविच तळाची, म्हणजे बाजू साध्या स्टीलच्या आणि बुडाला ॲल्युमिनियमची जाड चकती, तिच्या खाली चुंबक धरणाऱ्या स्टीलचं कव्हर. दुसरी ट्रायप्लाय, म्हणजे आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर ४३०, आणि हे तीन थर तळापासून वरच्या काठापर्यंत सगळीकडे. सँडविच स्वस्त पडतं आणि आमटी, भात, चहा, उकडलेल्या भाज्यांना पुरेसं आहे. ट्रायप्लाय महाग आहे पण परतायच्या भाज्या, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजणं, शिरा, यासाठी कढई घेणार असाल तर पैसे तिथेच घाला, बाजूलासुद्धा उष्णता चढते त्यामुळे कडेला करपत नाही. सगळी भांडी ट्रायप्लायची घ्यायची गरज नाही, एक कढई पुरे.

सँडविच घेताना चकतीचा व्यास बघा. काही भांड्यांत तळ १८ सेंटीमीटरचा आणि चकती १४ची असते, मग कडेचा उघडा पातळ भाग करपतो. चकती जवळजवळ पूर्ण तळ झाकणारी हवी आणि तिची कड नीट बसलेली हवी, बोट फिरवल्यावर फट जाणवता कामा नये, नाहीतर धुताना तिथे पाणी शिरतं.

आता कुकर, कारण आपल्या घरात कुकरशिवाय स्वयंपाक नाही. जुना साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालणार नाही, हे पहिलं. नवीन घेताना दोन रस्ते आहेत, साध्या ॲल्युमिनियमची किंवा हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे वरून कडक केलेल्या काळपट ॲल्युमिनियमची बॉडी आणि खाली स्टीलची चुंबकीय प्लेट बसवलेला, नाहीतर पूर्ण स्टीलचा सँडविच तळाचा. हॉकिन्स, प्रेस्टीज दोघांकडे दोन्ही प्रकार आहेत आणि एकाच नावाच्या मॉडेलमध्ये इंडक्शनवालं आणि बिनइंडक्शनवालं असे दोन्ही मिळतात, तेव्हा खोक्यावरचं नाव बघून घेऊ नका, तळावर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखं चिन्ह आहे का बघा आणि तरीही मॅग्नेट लावाच. (हॉकिन्सचा एक कारखाना आपल्या ठाण्यातच आहे, हे बऱ्याच नव्या ठाणेकरांना माहीत नसतं.) कुकरवर आयएसआय मार्क हवाच, प्रेशर कुकरचं मानक आयएस २३४७ आहे आणि हा मार्क आता कायद्याने सक्तीचा आहे, रस्त्यावरचा बिनमार्कचा स्वस्त कुकर घेऊन घरात स्फोटाची भीती कशाला.

दोन-तीन माणसांना ३ लिटरचा कुकर इंडक्शनला छान बसतो. रुंद आणि बुटका घ्या, उंच आणि अरुंद नको, कारण तळ जेवढा कॉइलवर पसरेल तेवढं चांगलं. वापरताना एक सांगते, इंडक्शनवर प्रेशर फार लवकर चढतं, सुरुवातीला फुल ठेवा आणि शिट्टी यायच्या बेताला आलं की पॉवर खाली आणा, नाहीतर डाळीचं पाणी शिट्टीतून सगळीकडे उडतं आणि ते काचेवर सुकून बसतं.

तव्याचं सांगायचं तर इथे सगळ्यात जास्त निराशा होते, म्हणून नीट वाचा. बीडाचा तवा इंडक्शनवर सुंदर चालतो, घावणे, आंबोळी, डोसे, थालीपीठ यासाठी याच्यासारखं काही नाही, पण तळ सपाट हवा. आपल्याकडे बाजारात जे लोखंडी तवे मिळतात ते बरेचसे खोलगट असतात, आणि काही बीडाच्या तव्यांना खालून कड किंवा छोटे पाय असतात, ते गॅससाठी आहेत, ते नकोत. बीडाचा तवा तापवताना कमी पॉवरवर पाच-एक मिनिटं ठेवा, मग वाढवा. थेट २००० वॅटवर टाकलात तर मधला भाग आधी तापून फुगतो आणि कड थंडच राहते, त्याने पातळ लोखंडी तवे वाकतात आणि बीडाला तडा जायची भीती असते. आणि तवा काचेवर ओढू नका, उचलून ठेवा, बीडाचं बूड खरखरीत असतं, चरे पडतात.

भाकरीचं मात्र खरं सांगायचं तर इंडक्शनवर ती गॅससारखी होत नाही. तव्यावर एक बाजू पाणी लावून, दुसरी बाजू शेकून, मग घडी केलेल्या फडक्याने हलके दाबून फुगवता येते, पोळ्यांचं तर बऱ्यापैकी जमतं, पण ज्वारीची भाकरी आचेवर टाकल्यावर जी टम्म फुगते ते सुख ज्वालेशिवाय नाही. वांगं भाजणं, पापड भाजणं यालाही ज्वालाच हवी. घरात गॅस असेल तर ही कामं त्याच्यावरच ठेवा आणि त्यासाठी इंडक्शनची वेगळी भांडी घेऊ नका.

कढई घेताना गोल बुडाची घेऊच नका, कितीही आवडली तरी. सपाट तळाची, आणि तळ छोटा नको, काही कढया वरून ऐसपैस आणि खाली जेमतेम दहा सेंटीमीटर सपाट असतात, त्या मशीनला दिसणारच नाहीत.

नॉनस्टिकवाल्यांनी तळ उलटा करून बघा, बऱ्याच ॲल्युमिनियमच्या नॉनस्टिक पॅनला खाली भोकंभोकं असलेली स्टीलची जाळीदार चकती दाबून बसवलेली असते, ठिपक्यांची नक्षी दिसते. ती चालते पण स्टील कमी असल्याने ताकद कमी, आणि चकती लहान असली तर मधोमधच तापतं. सलग प्लेट असलेलं मिळालं तर ते घ्या. आणि नॉनस्टिक रिकामं ठेवून फुल पॉवर कधीही लावू नका. गॅसवर जे व्हायला काही मिनिटं लागतात ते इथे पटकन होतं, आणि हे कोटिंग साधारण २६० डिग्रीच्या पुढे खराब व्हायला लागतं, त्याचा धूर बरा नाही. आधी तेल किंवा पदार्थ, मग पॉवर.

एक वस्तू दुकानदार हमखास दाखवतो, ती म्हणजे इंडक्शन डिस्क, लोखंडी चकती आहे, काचेवर ठेवायची आणि तिच्यावर तुमची जुनी ॲल्युमिनियमची भांडी. ऐकायला छान वाटतं पण माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. मग ती साधी इलेक्ट्रिक शेगडी झाली, आधी चकती तापणार मग भांडं, वीज जास्त जाणार, आणि लालबुंद चकती काचेला चिकटून असल्याने मशीन गरम होऊन बंद पडतं, काच तडकण्याचीही भीती. त्या पैशात एक साधं सँडविच तळाचं पातेलं येतं.

भांड्यांबरोबर प्लगचं पण बघून घ्या, हे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी खास. २००० वॅटचं मशीन फुल चालवलं की २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर खेचतं. किचनमधला छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो, त्याला हे झेपत नाही, प्लग तापून काळा पडतो. मोठा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, एक्स्टेंशन बोर्ड आणि कन्व्हर्टर पिनवर चालवू नका. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या सोसायट्यांमध्ये वायरिंगही जुनं असतं, इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. आणि घरात कोणाला पेसमेकर बसवला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग नेमकं घ्यायचं काय? दोघा-तिघांच्या घराला माझ्या मते चार भांडी पुरतात. इंडक्शन तळाचा ३ लिटरचा कुकर, झाकण असलेलं दीड-दोन लिटरचं सँडविच पातेलं, ट्रायप्लायची एक सपाट कढई आणि एक तवा, बीडाचा किंवा सपाट जाड लोखंडी. एकट्याने रूमवर राहत असाल तर कुकर आणि कढई एवढ्यावरच महिनाभर निभावतं, चहा त्याच कढईत करा, बिघडत नाही. सेट घेतला की त्यात जी झाकणं आणि छोटी भांडी येतात ती वापरात येत नाहीत, सुटी सुटी घ्या.

कुठे घ्यायचं? ठाण्यात जांभळी नाका आणि स्टेशनच्या आसपासची भांड्याची दुकानं, नवी मुंबईत वाशी आणि नेरूळच्या मार्केटमध्ये, इथे भांडं हातात घेऊन उलटंसुलटं करता येतं आणि भावही करता येतो. मॉलमध्ये आणि डीमार्टला खोकं बंद असतं, तिथे स्टाफला सांगून उघडून बघा, ते नाही म्हणत नाहीत. ऑनलाइन घेणार असाल तर फोटोत तळ दाखवलेला नसेल तर ते भांडं सोडून द्या, तळाचा व्यास लिहिलेला असेल तरच ऑर्डर करा.

घरी आणल्यावर तेलतूप लावायच्या आधी, स्टिकर आणि बिल जपून ठेवून, एक टेस्ट करा. भांड्यात बोटभर पाणी घाला, मध्यम पॉवर लावा आणि वाकून बघत रहा बुडबुडे कुठे येतात. तळावर सगळीकडे जवळजवळ सारखे बारीक बुडबुडे उठले तर भांडं चांगलं. फक्त मधे एक गोल कडं फसफसतंय आणि बाकी तळ शांत आहे, तर तळ पातळ आहे किंवा चकती छोटी आहे. थोडी गुणगुण ऐकू येईल, मोठ्या पॉवरवर जास्त, थर असलेल्या भांड्यांत ती येतेच, त्याला घाबरू नका, पण मशीन मधेच टीं टीं करून थांबत असेल तर मॅग्नेट कितीही चिकटू दे, ते भांडं तुमच्या मशीनला जमत नाहीये. अशावेळी लगेच दुसऱ्या दिवशी दुकानात जा आणि बदलून घ्या, कारण एकदा त्यात फोडणी पडली की कोणी परत घेत नाही.